सातशे घोड्यांच्या पोटात झेंडू

आमच्या घरात गेल्या वर्षी एकच भांडण होतं आणि ते रोज होतं. अप्पांनी गाडी चालवणं बंद करावं, असं आईचं आणि माझं म्हणणं. अप्पांचं म्हणणं, "मला सरळ दिसतंय ना? मग झालं."

अप्पा म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढला. निवृत्त झाल्यावर हातातलं स्टिअरिंग सुटलं म्हणून त्यांचा चेहरा इतका उतरला, की मीच माझ्या छोट्या गाडीची चावी त्यांच्या हातात दिली. तेव्हापासून गाडी माझी, पेट्रोल माझं आणि ड्रायव्हर ते. मी पुंडलिकनगरच्या घरून वाळूजच्या कारखान्यात कंपनीच्या बसने जायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखी बसून "अप्पा, हळू घ्या" म्हणायची.

मग काचबिंदू निघाला. डॉक्टरबाईंनी कागदावर एक गोल काढला, त्याच्या कडा पेनाने काळ्या केल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला मधलं दिसतंय. कडेचं गेलंय, डावीकडचं जरा जास्तच. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवायला रोज थेंब घाला. गाडी मात्र आता नको." अप्पांनी थेंब कबूल केले. गाडीचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही. थोड्याच दिवसांत आमच्या कोपऱ्यावर डावीकडून आलेली भाजीची हातगाडी त्यांना दिसली नाही. कुणाला लागलं नाही, पण सगळ्या गल्लीभर टोमॅटो झाले. भाजीवालाच त्यांची समजूत काढत होता, "जाऊ द्या अप्पा, पिकलेलेच होते." अप्पा घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "त्यानं हॉर्न द्यायला पायजे होता."

हातगाडीला हॉर्न! मी तिथल्या तिथं भडकले. राग माझ्या नाकावर असतो असं आई म्हणते आणि नाक कुणाचं घेतलंय हे सगळी गल्ली सांगते. त्या दिवशी आम्ही दोघं इतकं बोललो की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

खरं तर थांबणं हा माझा धंदा आहे. वाळूजला ब्रेकचे पॅड बनवणाऱ्या कारखान्यात मी चाचणी विभाग सांभाळते. आमच्याकडे एक यंत्र आहे. त्यावर ब्रेकची तबकडी गरगर फिरवायची, तिच्यावर पॅड दाबायचे आणि काय होतं ते बघायचं. पुन्हा पुन्हा दाबलं की तबकडी लाल होते, इतकी लाल की खोलीतला दिवा मालवला तर तिच्या उजेडात माझ्या हातावरच्या रेषा दिसतात. कुठलीही गाडी दिसली की लोक विचारतात, किती पळते. मी विचारते, किती लवकर थांबते. अशा बाईच्या बापाला थांबवता येत नव्हतं.

कारखाना माझ्या वर्गमित्राचा. शहागंजात त्याच्या अब्बांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेजात आम्ही त्याला सेठ म्हणायचो, कारण तो चहाचे पैसे कधीच द्यायचा नाही. पुढे तो खरोखरच सेठ झाला आणि नाव तसंच राहिलं. कॉलेजच्या दिवसांत त्याचं ताट आमच्या घरी ठरलेलं असायचं आणि ईदला त्याच्याकडचा शीरखुर्मा अप्पा चक्क बादली घेऊन जाऊन आणायचे. तो अप्पांना चाचा म्हणतो आणि अप्पा त्याला पोरगाच समजतात, म्हणजे त्याच्यावरही ओरडतात.

तर या सेठने गेल्या पावसाळ्यानंतर मुंबईहून एक गाडी आणली. जुनी, म्हणजे दुसऱ्याने वापरलेली, पण वापरलेली म्हणजे काय, त्या आधीच्या मालकाने ती बहुतेक पुसलीच असावी. सातशे घोड्यांची सुपरकार. कंबरेएवढी उंच, राखाडी रंगाची, रंगही चकचकीत नाही तर पाटीवर राख चोळल्यासारखा. कारखान्याच्या आवारात ती ट्रकवरून उतरली तेव्हा पाळी सुटायला अवकाश होता, तरी सगळी पाळी बाहेर.

मी अप्पांना बघायला नेलं. ते तिच्याभोवती हात मागे बांधून फिरले.

"डिकी कुठाय?"

"पुढं."

"अन् इंजन?"

"मागं. म्हणजे पार मागं नाही, बसणाऱ्याच्या पाठीला लागून. माणूस आणि मागची चाकं यांच्या मध्ये."

"उलटी गाडी हाय म्हन की."

मी त्यांना समजावलं की ज्वारीचं पोतं पाठीला घट्ट धरून उचललं तर चटकन वळता येतं, तेच हात लांब करून धरलं तर वळताना आपणच भेलकांडतो. गाडीत सगळ्यात जड इंजिन. ते मधोमध ठेवलं की गाडी वळायला राजी असते आणि जोर लावणाऱ्या मागच्या चाकांवर वजनही नीट पडतं. अप्पा म्हणाले, "व्हय. रिकाम्या बसचं ढुंगण घाटात कसं हलतं, ते मला इचार." मग त्यांनी घोड्यांचा विषय काढला. त्यांच्या बसला शंभराच्या जरा वर घोडे, आत पासष्ट माणसं, कोंबड्या वेगळ्या आणि वेगाला वरून एसटीने घातलेलं कुलूप. इथं सातशे घोडे आणि बसायला दोघं. "म्हंजी एकाएकाला साडेतीनशे! राजाच्या बी नशिबात नसतील."

सेठने दार उघडलं. ते वर गेलं. अप्पा एक पाऊल मागे सरकले, मग आत डोकावून खालचे पेडल मोजू लागले.

"क्लच कुठाय रं?"

"चाचा, इसमें दो-दो क्लच हैं," सेठ म्हणाला. "एक गिअर चालू रहता, तबतक दुसरा क्लच अगला गिअर लेके तयार. पलक झपकने से पैले बदलता."

"दोन क्लच अन् पेडल एक बी नाय," अप्पा म्हणाले. "मग डाव्या पायानं काय करायचं? भजन?"

ते हसत होते, पण त्यांचा हात स्टिअरिंगवरून निघत नव्हता. मला ते दिसलं आणि मी लगेच म्हणाले, चला, उशीर झाला.

रात्री जेवताना त्यांनी भाकरी मोडली आणि ताटाकडे बघत म्हणाले, "मला ती एकदा चालवू द्या. मग हिच्या गाडीची चावी ठिवून देतो. परत मागनार नाय."

मला घासच लागला. ज्याला माझी चिमुकली गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलीय, तो सातशे घोडे मागतोय. मी तोंड उघडण्याआधीच आईने विचारलं, "शब्द?"

"ड्रायव्हरचा शब्द."

"तू पण काय, आई!" मी ओरडले.

"लहान गाडीनं सुटत नाय ना," आई शांतपणे म्हणाली, "मोठीनं सुटत असंल तर सुटू दे."

मी पाय आपटत वर माझ्या खोलीत गेले. पण राग उतरल्यावर मलाच सुचलं. डॉक्टरबाईंनी मनाई केली होती ती कडेच्या माणसांसाठी, गल्लीबोळातून येणाऱ्या हातगाड्या, सायकली, पोरं, कुत्री यांच्यासाठी. ज्या रस्त्याला कडेला कुणीच नाही, असा रस्ता असेल तर? सेठच्या ओळखीत असा रस्ता होता. बिडकीनच्या बाजूला एका कारखानदाराने टायर तपासायला स्वतःच्या जागेत लांबलचक सरळ पट्टी बांधली आहे. चारी बाजूंनी तारेचं कुंपण, आत फाटक, माणूस नाही की म्हैस नाही. मी डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, दिवसा, सरळ, बंद जागेत आणि शेजारी तुम्ही बसणार असाल, तर माझी हरकत नाही.

सेठला विचारलं तर त्याने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "हौ," म्हणाला. "चाचाको ना कैसे बोलूं? तू शीरखुर्म्याची बादली विसरलीस का?" दसऱ्याला पट्टी बंद असते, त्या दिवशी सकाळी जायचं ठरलं.

आता आदल्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथं आहे.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा असते. सगळी यंत्रं धुऊनपुसून लख्ख करायची, हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. मालक मुसलमान आणि पूजेचा थाट असा की बाहेरचा माणूस चक्रावतो. सेठ स्वतः शहागंजातून टोपलीभर झेंडू आणतो आणि भाव जास्त लावला म्हणून फुलवाल्याशी भांडूनही येतो. त्या वर्षी पॅड खोक्यांत भरणाऱ्या बायकांनी हट्टच धरला की साहेबांची नवी गाडी पूजेशिवाय राहायची नाही. सेठ म्हणाला, करा. मग काय! पुढच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. तो राखेसारखा रंग कुंकू पितो हे कुणालाच माहीत नव्हतं. ते स्वस्तिक अजून पुसट गुलाबी दिसतं आणि सेठ ते आता कुणाला पुसूही देत नाही. चारी चाकांखाली लिंबं गेली. नाकावरून, आरशांवरून, दारांच्या मागे हवा आत घेणारी जी मोठी तोंडं असतात त्यांच्यावरून झेंडूच्या भरघोस माळा लोंबल्या. गाडी कमी आणि नवरदेवाची घोडी जास्त दिसत होती.

"साहेब, आवाज तरी ऐकवा," कुणीतरी म्हणालं.

सेठने इंजिन चालू केलं. पत्र्याचं छप्पर थरथरलं. बायकांनी कानांवर हात ठेवले आणि "अजून, अजून" म्हणू लागल्या. सेठला तेवढंच हवं होतं. बराच वेळ तो उभ्या गाडीचं इंजिन गुरगुरवत राहिला आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत राहिलो. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, इंजिनिअर असून.

दसऱ्याच्या सकाळी गाडी पुन्हा ट्रकवर चढली, कारण आपल्या शहरातले गतिरोधक त्या गाडीला मानवत नाहीत. नाक वर उचलायचं बटण आहे तिला, तरी काही गतिरोधक असे आहेत की तिथं बटण काय, क्रेनच पाहिजे. अप्पा माझी छोटी गाडी चालवायला निघाले होते. चावी मी आधीच उचलून ठेवली होती, ती दिली नाही. पट्टीपर्यंत ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. पुढचा ट्रक बघून एकदाच म्हणाले, "एवढी पळनारी गाडी, अन् तिला उचलून न्यायचं."

पट्टी म्हणजे सरळ काळी रेघ. दोन्हीकडे कापलेलं गवत, टोकाला पत्र्याची एक शेड, तिच्यात टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर. सेठने गाडी उतरवली आणि आधी मला घेऊन एक फेरी मारायचं ठरवलं. टायर आणि ब्रेक तापले पाहिजेत. या गाडीच्या ब्रेकच्या तबकड्या लोखंडाच्या नाहीत, कार्बन आणि चिनी मातीच्या कुळातल्या पदार्थाच्या आहेत. वजनाला हलक्या, कितीही तापल्या तरी दमत नाहीत, पण गार असताना जरा आळशी. मला त्यांचं काम बघायची इतकी घाई झाली होती की मी हेल्मेट उलटंच घालत होते.

अर्ध्या पट्टीपर्यंत सगळं ठीक होतं. मग सेठने जरा जोर दिला आणि समोर पिवळा दिवा लागला. गाडी एकदम मवाळ झाली. पाय दाबला तरी ती रिक्षासारखी चालू लागली. आत काहीतरी फार तापतंय म्हणून तिच्या संगणकानेच शक्ती काढून घेतली होती. आम्ही हळूहळू परत आलो. सेठचा चेहरा पडला होता.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"गरम हो रही, चाचा. आज शायद नक्को."

अप्पांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुमी दोघांनी ठरवून केलंय." आणि माझ्यासमोर तळहात पसरला. "गाडी चालवली नाय, तर शब्द बी नाय. आन चावी. घरी मी घेऊन जातो."

मी चावी मुठीत घट्ट धरली. असं वाटलं की रडावं किंवा त्यांना दोन शब्द सुनावावेत. दोन्ही जमलं नाही. अप्पा शेडच्या सावलीत जाऊन पाठ करून बसले. मला एवढंच कळत होतं की आज हे झालं नाही तर उद्यापासून ते पुन्हा आमच्या कोपऱ्यावरून वळणार आणि पुढच्या वेळी डावीकडून टोमॅटोच येतील असं नाही.

तेवढ्यात सेठ जमिनीवर आडवा झाला. मोबाईलचा दिवा लावून त्याने दारामागच्या तोंडात डोकावून पाहिलं. ही तोंडं शोभेची नसतात. इंजिनाला दाबून भरलेली हवा फार तापते, तिला आणि पाण्याला गार करायला आत जाळ्या असतात आणि गाडी जितकी ताकदवान तितका तिचा सगळा जीव या जाळ्यांत. त्याने दिवा अजून आत सरकवला. मग तो जमिनीवर पडल्या पडल्या हसायला लागला.

"इधर आ," तो म्हणाला. "देख, अपनी गाडी ने पूजा का प्रसाद खाया."

मी वाकून बघितलं. आत पिवळंधमक. झेंडूच्या पाकळ्यांचा अख्खा थर जाळीवर चिकटला होता. काल आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा आतले पंखे फिरत होते आणि तोंडावर लोंबणाऱ्या माळा पाकळी पाकळी करून आत ओढत होते. सातशे घोड्यांना आम्ही चारा समजून झेंडू चारला होता. दुसऱ्या बाजूलाही तेच. जगातल्या कुठल्याही इंजिनिअरने ही चाचणी घेतली नसेल.

"अब्बा म्हणायचे, जाळी साफ करायची तर हवा उलटी मारायची," सेठ उठत म्हणाला. "पुढून मारली की कचरा अजून आत. मागून मार आणि जोर कमी ठेव. जाळीचे पातळ पापुद्रे वाकले तर संपलं."

त्याने कॉम्प्रेसर चालू केला, नळी ओढत आणली आणि मागच्या जाळीतून आत सोडली. मी दारामागच्या तोंडाशी दिवा धरून बसले. आमच्या हसण्याचा आवाज ऐकून अप्पा उठून आले. रुसलेला माणूस जसा येतो तसे, दुसरीकडे बघत. "काय अडकलंय?" म्हणून ते माझ्या खांद्यावरून वाकले आणि नेमकी तेव्हाच सेठने हवा सोडली.

फस्सकन पाकळ्यांचा लोट बाहेर आला. माझ्या केसांत, अप्पांच्या मिशीत, चष्म्यावर, नव्या शर्टच्या खिशात, सगळीकडे झेंडू. अप्पा तसेच उभे राहिले. मिशीतली पाकळी त्यांनी काढून बघितली, मग गाडीच्या तोंडात वाकून बघितलं आणि त्यांना सगळं एकदम कळलं. ते असे हसले की खाली बसावं लागलं. मग दुसऱ्या बाजूची हवा सेठने सोडली तेव्हा ते मुद्दाम समोर जाऊन उभे राहिले.

सेठने एक फेरी मारून पाहिली. पिवळा दिवा लागला नाही. परत येऊन तो उतरला आणि म्हणाला, "चाचा, आपकी बारी." शेजारी कोण बसणार यावर तो काही बोलणार होता, तेवढ्यात अप्पाच म्हणाले, "माझी पोरगी बसंल."

त्यांना आत बसवणं हे स्वतंत्र काम होतं. आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय. गाडी इतकी खाली की ते म्हणाले, "ही बसायची हाय का निजायची?" सेठने त्यांना हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि सगळी सावधगिरीची यंत्रणा चालू ठेवली. चाक जरा जरी घसरलं तरी संगणक ताकद कमी करतो. पहिली फेरी अप्पांनी बस स्थानकातून गाडी काढावी तशी काढली. आरसा पाहिला, हात दाखवायला निघाले, मग आठवलं की मागे कुणी नाही. सावकाश गेले, सावकाश वळले. ब्रेकवर पाय हलका ठेवून त्यांनी तो किती चावतो ते दोनदा अजमावलं. मी काही सांगायला तोंड उघडत होते आणि मिटत होते. सांगण्यासारखं काही नव्हतं.

परत टोकाला आल्यावर सेठने खिडकीतून शिकवलं. डावा पाय ब्रेकवर गच्च, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तळापर्यंत, आवाज स्थिर झाला की डावा पाय सोडायचा, बस्स.

"डाव्या पायाला काम मिळालं एकदाचं," अप्पा म्हणाले.

त्यांनी पाय दाबले. पाठीमागे काहीतरी प्रचंड जागं झालं, माझ्या मणक्यातून दातांपर्यंत आलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरळ बघत होते.

"सोडू?"

"सोडा," मी म्हणाले.

माझं डोकं सीटला चिकटलं आणि पोट कुठंतरी मागे राहिलं. श्वास घ्यायचा होता, तो घेता आला नाही. गिअर बदलतायत हे फक्त आवाजावरून कळत होतं, धक्का असा नाहीच, नुसता एकामागून एक जोर. तीन सेकंदांच्या आत शंभर, असं मी कागदावर कितीदा वाचलं होतं. कागदावर ते वाचताना पोटात काही होत नाही. अप्पांच्या तोंडून एक आवाज निघत होता, तो ओरडणं होतं की हसणं, मला आजही सांगता येणार नाही. आणि मग मला दिसलं की मला दिसत नाहीय. कडेचं गवत गेलं, कुंपण गेलं, शेड गेली. सगळं ओढलं जाऊन पुसट झालं आणि समोर फक्त मधला तुकडा उरला, काळा, लख्ख, सरळ. डॉक्टरबाईंनी काढलेला गोल. मी त्यात बसले होते. अप्पा गेलं वर्षभर इथंच राहत होते आणि मी त्यांच्यावर ओरडत होते.

"ब्रेक!" मी म्हणाले, पण त्यांनी आधीच लावला होता. पट्टा खांद्यात रुतला, डोळे पुढे आले. वेग गेला कुठं ते कळलं नाही. इतकी वर्षं यंत्रावर आकडे वाचले, पण थांबणं इतकं सुंदर असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी सरळ रेषेत, एक वीतही इकडेतिकडे न हलता, उभी राहिली. इंजिन मागे गुरगुरत होतं.

"लई भारी," अप्पा अखेर म्हणाले. त्यांनी हेल्मेट काढलं. कपाळावर घाम होता आणि कानामागे एक पाकळी. मग त्यांनी विचारलं, "तुला कडंचं दिसलं का गं?"

"नाही."

"काईच नाय?"

"काहीच नाही, अप्पा. फक्त मधलं."

त्यांनी मान डोलावली. "मला बी," ते म्हणाले. हेल्मेट मांडीवर ठेवत पुढे म्हणाले, "मला रोजच नाय दिसत. बसल्या जागी, चहा पिताना बी." हे वाक्य त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं नव्हतं, आईला नाही, मला तर नाहीच. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ते म्हणाले, "रडती कशाला, येडी. एवढं पळवली ना!"

त्यांना बाहेर काढायला सेठने एक हात ओढला आणि मी दुसरा. तिघंही गवतात पडलो. सेठने विचारलं, चाचा, अजून एक फेरी? अप्पांनी गाडीच्या टपावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "नको बेटा. झालं माझं." त्यांनी तिची किल्ली सेठच्या हातात ठेवली. सेठला काही कळलं नव्हतं. तो पुन्हा आग्रह करत होता. मी त्याला खुणेनं गप्प केलं.

निघताना माझ्या गाडीचं मागचं दार मी त्यांच्यासाठी उघडलं. ते त्याच्याजवळून पुढे गेले, हाताने पत्रा चाचपत, आणि पुढे माझ्या शेजारी बसले. पट्टा लावला. मी गाडी चालू केली. या माणसाच्या शेजारी बसून मी कधी गाडी चालवली नव्हती. आता ते गिअरवर बोलणार, क्लचवर बोलणार, सगळ्यावर बोलणार, असं धरून चालले होते. पैठण रस्ता लागला. मग अप्पांनी काच खाली केली, तोंडावर वारा घेतला आणि म्हणाले, "डावीकडं काय काय हाय, ते मला सांगत जा."

मी डावीकडे पाहिलं. मग मी सांगायला लागले. "तूर आहे, अप्पा. उंच झालीय. फुलावर आहे."

"बरं."

"तुरीच्या बांधावर एक बाई बसलीय."

"काय करती?"

"फोनवर बोलतेय. हसतेय."

"हसू दे," अप्पा म्हणाले. "पुढं?"